रियाजात खेळ आणायचा तो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं तबला शिकताय, नोकरी सांभाळून रोज तासभर बसता, पण हात कायदा (बोलांची ठरलेली रचना) वाजवत असतात आणि डोकं ऑफिसच्या कामात असतं. गंमत यावी म्हणून आवडत्या गाण्यांवर वाजवून पाहिलंत, तर तास मजेत गेला पण हाताला काही मिळालं नाही. गुरुजी म्हणतात, घोटत राहा. मग रियाजात खेळकरपणा आणायचा कसा, आणि आणला तर शिस्त बिघडणार नाही ना?

शिस्त बिघडत नाही. मात्र खेळ कुठे घालायचा ती जागा चुकली की वेळ जातो. गाण्यांवर वाजवणं हा छान विरंगुळा आहे, तो जरूर ठेवा. पण त्याने कायद्याचा कंटाळा जाणार नाही, कारण कायदा होता तसाच राहिला, तुम्ही फक्त त्याच्यापासून तासभर लांब गेलात. खेळ कायद्याच्या आत शिरला पाहिजे. आणि तिथे त्याला जागा भरपूर आहे, कारण पलटे (कायद्याचेच बोल फिरवून केलेले प्रकार), तिहाया (एकच तुकडा तीनदा वाजवून साधलेला शेवट), सवाल-जवाब या सगळ्या गोष्टी मुळात कुणीतरी खेळून पाहिल्याशिवाय जन्मालाच आल्या नसत्या.

इतकी वर्षं वाजवून आणि शिकवून माझं मत असं झालंय की मन उडतं ते एकाच कारणाने: पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असतं. तेच मुख (कायद्याची मूळ ओळ), तीच लय, तीच सम (तालाची पहिली मात्रा). पहिली काही आवर्तनं, म्हणजे तालाच्या फेऱ्या, तुम्ही ऐकता, नंतर हात वाजवतात आणि कान उठून जातो. तेव्हा दर आवर्तनात एक खराखुरा प्रश्न ठेवायचा, ज्याचं उत्तर वाजवून झाल्याशिवाय कळणार नाही. नियम कडक, परिणाम अनिश्चित, आणि चुकलं तर काहीही बिघडत नाही. एवढं जमलं की खेळ सुरू झाला. त्याला वेगळी मजा लावावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष. तुमच्याकडे दिल्ली घराण्याचा तो पहिला कायदा असणारच: धाधा तिट धाधा तीना, ताता तिट धाधा धीना. दुगुनीत, म्हणजे मात्रेला दोन अक्षरं धरून, हे मुख आठ मात्रांत बसतं. पलटा घेताना सोळा अक्षरांची भरी (डग्ग्यासकट भरीव भाग) आणि तेवढीच काल (जिथे सुरुवातीला डग्गा गप्प असतो तो भाग) मिळून सोळा मात्रांच्या तीनतालाचं एक आवर्तन होतं. भरीतली शेवटची आठ अक्षरं, म्हणजे ‘धाधा तिट धाधा तीना’, तशीच ठेवा. हे घर, इथे परत यायचंच. पहिली आठ अक्षरं मोकळी करा आणि त्यात ‘धातिट’ हा तीन अक्षरांचा तुकडा दोनदा आणि ‘धाधा’ हा दोन अक्षरांचा एकदा, एवढंच वापरायचं ठरवा. तीन, तीन, दोन. हे तुकडे तीनच प्रकारे मांडता येतात: ‘धातिट धातिट धाधा’, ‘धातिट धाधा धातिट’, ‘धाधा धातिट धातिट’. पहिला पलटा तुम्हाला गुरुजींनी दिलेला असेल. दुसरा वाजवताना हात अडखळतो आणि तिसऱ्यात सुरुवातीलाच सलग तीन धा आले की मोजणी सुटते.

आठ-दहा चिठ्ठ्यांवर या तीन पलट्यांचे आकडे (१, २, ३) पुन्हा पुन्हा लिहा, पिसा, समोर ओळीने मांडा आणि लेहरा (आवर्तन दाखवत सतत फिरणारी धून) लावून न थांबता वाजवत जा. काल वाजवताना धा चा ता करायचा, आणि शेवटच्या आठ अक्षरांत पुन्हा भरी. एका चिठ्ठीवरून दुसरीवर जाताना डोळा पुढे आणि हात मागे असतो. त्या फटीत मन ऑफिसला जाऊच शकत नाही. कुणी सोबत असेल तर चिठ्ठ्या नकोत, त्याने समेच्या जरा आधी आकडा ओरडायचा. चुकलं तर थांबायचं नाही. मुखावर यायचं, दोन आवर्तनं मुख वाजवायचं आणि परत आत शिरायचं. या नियमाकडे मी फार बारकाईने पाहतो, कारण चुकल्यावर हात उचलून ‘अरेरे’ म्हणायची सवय असलेला वादक साथीला बसला की तिथेही हात उचलतो. चूक पोटात घालून घरी येणं हेही वाजवण्यातलंच एक कौशल्य आहे, आणि ते खेळातच शिकता येतं.

काही दिवसांनी नियम बदला. चार अक्षरांचा ‘तिटतिट’ घ्या, मग शेवटची आठ अक्षरंही हलवा. पण एका वेळी एकच गोष्ट सैल करायची. सगळं एकदम सैल केलं की खेळ राहत नाही, नुसता गोंधळ होतो. गाण्यांवर वाजवताना तुमचं बहुधा हेच झालं असावं. कायद्याबाहेरचा बोल आणायचा नाही, हे बंधन मात्र शेवटपर्यंत ठेवा. कल्पकता त्या बंधनामुळेच जागी होते. ‘काहीही वाजव’ असं सांगितलं तर विद्यार्थी त्याच त्या चार गोष्टी वाजवतो. ‘फक्त धा आणि तिट वापरून चार आवर्तनं काढ, एकही पुन्हा आली नाही पाहिजे’ असं सांगितलं की त्याचा चेहराच बदलतो.

तिहाई हे तर खेळाचं मैदानच. बहुतेक विद्यार्थी तिहाई पाठ करतात: अमुक मात्रेपासून उचलायची आणि समेवर आणायची. तीच तिहाई जराशी हलवून पाहा. ‘तिट कत गदि गन धा’ घ्या. मात्रेला दोन अक्षरं धरली तर चार मात्रांचे बोल आणि पाचवीवर धा. मध्ये अजिबात दम (थांबा) न घेता तीनदा वाजवायची तर तीनतालात तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते. धा पडतात सातवीवर, बारावीवर आणि समेवर. प्रत्येक धा नंतर एक मात्रा दम घेतला तर तीच तिहाई थेट समेपासून सुरू होते आणि पूर्ण आवर्तन व्यापते; धा पाचवीवर, अकरावीवर आणि पुढच्या समेवर.

आता मधलं घ्या: दम अर्ध्या मात्रेचा. गणित सांगतं की दुसऱ्या मात्रेपासून उचला. उचलता येते, पहिला धा सहावीवर नीट पडतो, आणि मग दुसरा धा अकरावी आणि बारावीच्या बरोबर मधोमध येतो. तिथे हात कापतो. आजूबाजूला लेहऱ्याचा एकही स्वर आधाराला नसतो, वाटतं की चुकलंच, आणि सावरायला म्हणून विद्यार्थी पुढचे बोल घाईने घेतो. घाई केली नाही तर तिसऱ्यांदा ‘तिट’ बरोबर तेराव्या मात्रेवर उभा राहतो आणि शेवटचा धा समेवर येतो. तो पहिल्यांदा बरोबर आला की माणूस हसतोच. मी हे हसू शिकवताना कितीतरी जणांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, आणि मला वाटतं ज्याला आपण रियाजातला आनंद म्हणतो तो हाच. तो श्रमांतूनच येतो, पण उत्तर आधी माहीत नव्हतं म्हणून येतो.

तिथून पुढे वाट मोकळी आहे. हीच बेदम, म्हणजे दम न घेतलेली, तिहाई चौदा मात्रा घेते. मग दहा मात्रांच्या झपतालात ती कुठून उचलायची? कागद न घेता अंदाज सांगा, मग वाजवून पाहा. दोन आवर्तनं धरली तर सातवीपासून. बारा मात्रांच्या एकतालात अकरावीपासून. आणि रूपकात? सात मात्रांची दोन आवर्तनं म्हणजे चौदाच, म्हणून ती समेपासून उचलून दोन आवर्तनांनी समेवरच उतरते. हे सांगून कळण्यापेक्षा अंगावर येऊन कळलं पाहिजे. उलटही करा: मात्रा आधी ठरवा आणि दम शोधा. तीनतालात काल, म्हणजे नववी मात्रा, तिथून उचलायची आणि एक सम सोडून पुढच्या समेवर यायचं, तर प्रत्येक धा नंतर पाच मात्रा गप्प बसावं लागतं. इतका वेळ शांत बसून लय धरणं हे बोल वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. करून पाहा.

मेट्रोनोम वापरत असाल तर त्यालाही खेळात घ्या. लय मिनिटाला १६० मात्रांची ठेवायची आणि मेट्रोनोम ४० वर लावायचा. म्हणजे टिकटिक दर चार मात्रांनी एकदा: सम, पाचवी, नववी, तेरावी, अगदी तीनतालाच्या टाळ्या आणि काल. मधल्या तीन मात्रा तुमच्या. हे स्थिर झालं की तीच टिक तिसरी, सातवी, अकरावी आणि पंधरावी आहे असं मनाशी धरा आणि सम स्वतः ठरवून ठेका (तालाचे मूळ बोल) लावा. पहिल्या काही आवर्तनांत कान हटकून टिकेलाच सम मानतो. तो वळेपर्यंत ठेकाच वाजवा, कायदा नको.

डग्ग्यासाठी एक खेळ मला अतिशय प्रिय आहे. मगाचंच मुख तोंडाने पूर्ण म्हणायचं, पण हाताने फक्त डग्गा वाजवायचा. सोळा अक्षरांपैकी डग्गा सातच ठिकाणी लागतो: पहिले दोन धा, पाचवं-सहावं अक्षर, आणि शेवटचे धाधा धी. मध्ये सातव्यापासून बाराव्यापर्यंत सलग सहा अक्षरं डग्गा मुका. म्हणजे काल कुठे सुरू होते, भरी कुठे परतते, याचा पूर्ण नकाशा त्या सात ठोक्यांत ऐकू येतो. उजवा हात बोलत असताना तो झाकला गेलेला असतो. मग त्या सात ठोक्यांना मनगट घासून सूर द्या: चढता, उतरता, पहिला खाली आणि दुसरा वर. त्यानंतर दोन्ही हातांनी कायदा वाजवलात की डग्गा नुसता घुमणार नाही, बोलेल.

आवाजाचे, पढंतीचे (बोल तोंडाने म्हणण्याचे) खेळ तर तुम्हीच काढू शकाल. शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून इतकं हळू वाजवणं की प्रत्येक तिट तरीही सुटा निघाला पाहिजे. चालताना चार पावलांवर पढंत, मग तीन पावलांवर तीच पढंत. यात विशेष सांगण्यासारखं काही नाही, करत राहा.

या सगळ्याने हात बसतो का, की नुसतं मन रमतं? ही शंका रास्त आहे, कारण एकाच गोष्टीचा रोज हजारदा घोटा घातला तर ती त्याच दिवशी चांगली वाजू लागते, आणि खेळताना त्याच दिवशी उलट जास्त चुका होतात. १९७८ साली रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला होता. छोटी पिशवी जमिनीवरच्या खुणेवर टाकायची. आठ वर्षांच्या मुलांतल्या एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. शेवटी परीक्षा तीन फुटांची. जिंकला तो दुसरा गट, ज्याने तीन फुटांचा सराव केलाच नव्हता. अंतर बदलत राहिल्याने त्यांच्या हाताला ‘अंतर’ ही गोष्टच समजली असावी. तबल्यात लय बदलणं, जागा बदलणं, दम बदलणं हे तेच आहे. सरावातली आजची सफाई हे शिकल्याचं माप नाही. चार दिवसांनी, न तापलेल्या हाताने, भलत्याच लयीत ते निघतं का, हे माप.

पक्ष्यांतही हे दिसतं. झेब्रा फिंच नावाचा छोटा पक्षी आहे. नर मादीसमोर गातो तेव्हा त्याचं गाणं घोटीव, प्रत्येक वेळी जवळपास एकसारखं असतं. एकटा गातो तेव्हा त्याच गाण्यात स्वर थोडे हलतात, आणि हा फरक मेंदूतला एक भाग मुद्दाम निर्माण करतो असं अभ्यासांत दिसलंय. मला हे फार समजूतदार वाटतं. मैफलीत घोटीव, एकांतात हलतं. आपण बरेचदा उलट करतो: एकटे असतानाही कुणी ऐकतंय अशा धास्तीने वाजवतो, आणि मग एकांताचा फायदाच संपतो. तुमच्या खोलीत तुम्हाला कुणी गुण देत नाहीये. तिथे चुकण्याला किंमत नाही, म्हणून तिथेच जोखीम घ्यायची.

गुणांवरून आठवलं. रियाज मजेदार करायला हल्ली लोक मोबाइलमध्ये दिवसांची साखळी मोजतात, स्वतःला बक्षिसं लावतात. सुरुवातीला रोज बसायची सवय लागण्यापुरतं ते ठीक आहे, पण त्याला मी खेळ म्हणणार नाही. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना सांगितलं, चित्र काढलं की प्रशस्तिपत्रक मिळेल. ते दिलंही. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांची आवड मात्र टिकली. ‘हे मी कशासाठी करतोय’ याचं उत्तर बक्षिसाने बदलून टाकलं. तिहाई समेवर आली यात मिळतं ते बक्षीस तिहाईच्या आतलं आहे. मोबाइलवरची चांदणी बाहेरची. साखळी तुटली की बाहेरचं बक्षीस मिळवणारे लोक तबलाही सोडतात, हे मी पाहिलंय आणि वाईट वाटतं.

आता खेळ कुठे करायचा नाही तेही सांगतो, कारण तुमच्या गुरुजींचं ‘घोटत राहा’ पूर्ण खरं आहे. नवा बोल, ज्याचा निकास (हातातून बोल काढण्याची पद्धत) अजून बसला नाही, त्याच्याशी खेळायचं नाही. तिरकिट तुम्हाला आत्ताच मिळालं असेल तर ते संथ, एकसारखं, बोट कुठे पडतंय ते बघत, रोज. इथे वैविध्य आणलं तर चुकीचे चार हात एकदम बसतात, आणि चुकीचा हात सोडवायला नवा हात बसवण्यापेक्षा जास्त काळ लागतो. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर खेळही नाही आणि घोटणंही नाही; थांबायचं, आणि बसण्याची व हाताची पद्धत गुरुजींना दाखवायची. कार्यक्रम दोन-तीन दिवसांवर आला असेल तर जे वाजवायचं तेच घोटायचं. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास मांडला, तेव्हा स्पष्ट लिहिलं होतं की कौशल्य सुधारणारा हेतुपूर्वक सराव हा मुळात आनंददायक असतोच असं नाही. मला त्यांचं म्हणणं मान्य आहे. काही भाग रुक्षच असतो. मात्र तासभर सगळं रुक्ष असायची गरज नाही, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्या एका तासाचं म्हणाल तर मी साधारण असं बसवीन: सुरुवातीला वीसेक मिनिटं निकास आणि संथ लयीतला कायदा, तिथे काहीही बदलायचं नाही. मग अर्धा तास एकच खेळ. एकच. चिठ्ठ्या, तिहाई, मेट्रोनोम हे सगळं एका बैठकीत आणलं की कशाचाच ठाव लागत नाही. उरलेला वेळ मुख आवडत्या लयीत, कान देऊन. खेळ दहापैकी दहा वेळा जमायला लागला की तो संपला, नियम घट्ट करा. एकदाही जमत नसेल तर सैल करा: अर्ध्या मात्रेच्या दमाऐवजी आधी एक मात्रा. निम्म्याहून थोडं जास्त जमतंय आणि उरलेलं हुलकावणी देतंय, ही हद्द सांभाळायची. कंटाळा आणि वैताग, दोन्हींत माणूस उठून जातो; त्यांच्या मधली ही पट्टी अरुंद असते आणि रोज थोडी सरकते, म्हणून नियम रोज नव्याने ठरवावा लागतो.

दमलेल्या दिवशी काय, हेही तुम्ही विचारलं नसलं तरी येणारच. नोकरीवरून थकून आलात तर खेळ जबरदस्तीने करू नका. थकलेल्या डोक्याला गणिताची तिहाई शिक्षा वाटते. त्या दिवशी डग्ग्याचा खेळ घ्या किंवा नुसती पढंत करा. त्यात कान लागतो, हिशेब लागत नाही.

राहता राहिले गुरुजी. त्यांना चोरून हे करू नका. ‘या कायद्यात एवढेच बोल धरून मी हे तीन पलटे काढले, कायद्याच्या नियमात बसतात का?’ असं विचारून त्यांच्यापुढे वाजवा. एखादा पलटा ते बाद करतील आणि का ते सांगतील. ‘धाधा धातिट’ मध्ये तीन धा लागोपाठ येतात ते त्यांच्या कानाला जड वाटेल कदाचित, आणि मग तिथे काय ठेवायचं ते सुचवतील. ते सुचवतील तो बोल लगेच वहीत लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत टाका.